सुटली म्हणायचं राहिलं

जबलपूर, राइट टाउन
२ सप्टेंबर

चि. समिधा हिस,

आशीर्वाद लिहू की नको, या विचारात पेन हातात धरून बराच वेळ बसलो. मग म्हटलं, आशीर्वाद काही कुणाला विचारून देत नाहीत. तेवढा घे, बाकीचं पत्र हवं तर वाचू नकोस.

फोन तू उचलत नाहीस म्हणून टपालाने लिहितोय. आईच्या तेराव्याला चारचौघांत मी तुला जे बोललो, त्यानंतर कुणीही उचलला नसता. ते वाक्य इथे पुन्हा लिहीत नाही. तुला ते पाठ असेल, मलाही आहे.

मी बरा आहे. सकाळी रोशनी येते, पोळी-भाजी करून टेबलावर झाकून ठेवते. रात्री झाकण उचललं गेलं नाही तर दुसऱ्या दिवशी माझी हजेरी घेते. "बाबूजी, खाना नहीं है तो बनवाते काहे को हो? गाय को ही डालना है तो गाय से पूछ के बनाऊँ?" तिला म्हटलं, गायीला विचार, ती तरी मीठ कमी आहे म्हणून सांगेल. दर रविवारी तुझा चुलतभाऊ अनुपम येतो, चहा पितो, माझं बीपी मोजतो आणि हेल्मेट विसरून जातो. म्हणून सोमवारीही येतो.

तू आईसाठी आणलेला टॅब्लेट मी बंद करून कपाटात तिच्या शालींखाली ठेवला आहे. त्याची काळजी करू नकोस. माझा जन्म टेलिकॉम फॅक्टरीत टेलिफोनचे सुटे भाग करण्यात गेला, पण तो टेलिफोन वेगळा होता. वाजला तर उचलायचा, नाहीतर गप्प बसायचा.

पनू आता तिसरीत गेली असेल. तिला शाळेतून घरी आणणाऱ्या तुमच्या शेजारच्या डोरीनबाईंना माझा नमस्कार सांग. यंदा त्यांच्या पांढऱ्या गुलाबाला फार फुलं आली. म्हणजे आली असतील. तुझी आई सांगायची त्यांच्या गुलाबांबद्दल.

सुमेधरावांना नमस्कार.

बाबा

*

जबलपूर
२४ सप्टेंबर

समू,

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. टॅब्लेट शालींखाली नाही. माझ्या समोर, जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा आहे. चालू आहे.

तुला आठवत असेल, आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू डर्बीच्या तुमच्या घराच्या दारावरची ती कॅमेऱ्याची घंटी या टॅब्लेटला जोडून दिलीस. दारात कुणी आलं की इथे टुणटुण वाजायचं आणि चित्र दिसायचं. इथून बोललेलं तिथे दारात ऐकूही जायचं. म्हणालीस, "आई, रोज पनू शाळेतून आली की तुला दिसेल." आणि दिसायची. इथे रात्री जेवायच्या वेळेला आई उशीवर कोपर टेकून उठायची. "अहो, बघा बघा, पनू येऊन राहिली!" मग घंटीतून विचारायची, "कोण आहे?" पायरीवरून पनू ओरडायची, "मी आहे!" सगळ्या जगात 'कोण आहे' घरातला माणूस विचारतो, इथे विचारणारी सात समुद्रांपलीकडे अंथरुणात, ही यांची उलटी तऱ्हा. पण त्या दोघींचं तसंच चालायचं.

तू तेरावं आटोपून निघून गेलीस. दोन-तीन दिवसांनी टॅब्लेट आपोआप वाजला. बंद करायला म्हणूनच उचलला. तर तू दिसलीस. खांद्यावर पिशवी, एका हाताने किल्ली शोधत होतीस आणि दारात थांबून डोळे पुसत होतीस. समू, मला तो बंद करता आला नाही.

आणि मग सवय लागली. आमच्या लहानपणी घमापूरच्या घराला ओटा होता. संध्याकाळी आजोबा त्यावर बसायचे आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायचे, कुठे चाललास, काहून चाललास, पिशवीत काय आहे. कुणाला राग यायचा नाही. मी तुमच्या घराला ओटा समजून बसलो. एवढंच की ओट्यावरचा माणूस जाणाऱ्याला दिसायचा, आणि मी कुणाला दिसत नाही.

काय काय ऐकलं म्हणून सांगू! डोरीनबाई पनूला पायरीवर बसवतात आणि फाटकाशी उभ्या राहून समोरच्या केनशी गप्पा मारतात. केन म्हणजे तो निवृत्त बस ड्रायव्हर, तपकिरी कुत्र्याचा. मला आधी वाटायचं, इंग्रज म्हणजे पाऊस सोडून बोलत नाहीत. सगळं खोटं. डोरीनबाईंच्या घरी विजेचा नवा मीटर बसवलाय. त्याला एक छोटी पाटी आहे, किटली लावली की ती लाल होते. बाई म्हणतात, "माझ्या नवऱ्यानेही कधी माझा चहा मोजला नाही, हा मेला मोजतो." त्यांनी ती पाटी ड्रॉवरमध्ये कोंडली आहे. मुलाने वाढदिवसाला दिलेला बोलणारा डबा पावाच्या डब्यात. तो सगळं ऐकतो आणि मग त्याच वस्तूंच्या जाहिराती येतात, असं त्यांचं म्हणणं.

केनचं उलट. त्याला यंत्र चालतं, ॲप चालत नाही. गाडी लावायला ॲप, डॉक्टरला ॲप, कचऱ्याचा डबा कधी बाहेर ठेवायचा त्याला ॲप. त्याच्या बँकेची शाखा बंद होऊन तिथे कॉफीचं दुकान झालंय. "आता माझ्याच पैशाला भेटायला मला कॉफी घ्यावी लागते," म्हणतो. दिवसभर फोनवर बातम्या वाचतो आणि दिवसभर संतापतो. डोरीनबाईंनी बातम्या बघणं सोडलं, त्यांना आता झोप लागते. मुलांना फोन द्यावा की नाही यावरून तर त्यांची रोज जुंपते. बाई म्हणतात सोळापर्यंत नाही, तो म्हणतो, पोहायला शिकवायचं तर पाण्यात घालायलाच हवं.

एकदा केन म्हणाला, बाहेरून फार लोक येऊन राहिले या देशात. तेवढ्यात सुमेधराव फाटकातून आत आले, तर घाईघाईने म्हणतो, "तुम्ही नाही हो, तुमची गोष्ट वेगळी." सुमेधराव हसले. मला राग आला. मग आठवलं, आमच्या चौकात चहाच्या टपरीवर बाहेरच्या मजुरांबद्दल मी हेच बोललोय, आणि माझे आजोबा कुठून आले होते जबलपूरला? तेव्हा राग गिळला. केन वाईट नाही. पनूला कुत्र्याचा पट्टा धरू देतो.

पण एक गोष्ट मनात बसली ती उठत नाही. मध्ये डोरीनबाई तुझ्याकडे तक्रार घेऊन आल्या होत्या. तुमच्या घंटीच्या डोळ्याला त्यांचं अंगण दिसतं, सकाळी गाऊनमध्ये दूध घ्यायला बाहेर येतात ते त्यांना आवडत नाही. तू म्हणालीस, "डोरीन, खरंच, ते कुणी बघत नाही." मी इकडे घास तोंडात धरून बसलो होतो. तू थेट माझ्याकडे बघत होतीस.

माझं पत्र तुझ्या हातात पडलेलंही मी पाहिलं. पोस्टमनने दिलं, तू दारातच फोडलंस. वाचलंस, परत पहिल्यापासून वाचलंस, घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलंस. त्या वेळी तुला हाक मारावी असं फार वाटलं. पण नुकतंच तू वाचलं होतंस की टॅब्लेट बंद आहे.

तेराव्याला मी म्हणालो होतो, "हिने आईला दाराच्या घंटीतून सांभाळलं." सगळे पाहुणे ऐकत होते. आज मी त्याच घंटीवर जगतोय, आणि तुझ्या परवानगीशिवाय. माझी मला लाज वाटते.

चौकात दुर्गेचा मंडप लागला आहे, भोंगा थेट माझ्या खिडकीत. हे पत्र टाकायची हिंमत होईल तेव्हा टाकीन. एक मात्र नक्की लिहितो, मी फक्त बघतो. बोलत नाही.

बाबा

*

जबलपूर
६ ऑक्टोबर

समू,

मागचं पत्र टाकलं नाही, ते एका अर्थी बरंच झालं. त्याची शेवटची ओळही खोटी होती.

मी बोलतो. पनूशी. रोज नाही, पण बहुतेक रोज.

सुरुवात मी केली नाही, एवढं माझ्या बाजूने लिहू दे. तिकडच्या उन्हाळ्याच्या तोंडाची, मे महिन्यातली गोष्ट. डोरीनबाई फाटकाशी मीटरचं रडगाणं गात होत्या. पनू उठली, घंटीजवळ आली, टाचा उंच केल्या आणि हळूच म्हणाली, "आजी, आहेस का?" थांबली. तिने परत विचारलं. मग तिने स्वतःच आजीचा आवाज काढला, "कोण आहे?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "मी आहे."

मी दगड नाही, समू. मी म्हणालो, "पनू, आजी नाही गं. आजोबा आहेत."

ती घाबरली नाही. हसली. तिच्या पुढच्या दाताची खिडकी झाली होती ती मी पहिल्यांदा पाहिली. "आजोबा, तू door मध्ये बसला?" म्हणाली. मी म्हटलं, हो, दारात बसलोय, ओट्यावर. ओटा म्हणजे काय ते समजावून सांगण्यात पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी तिने मला शिकवलं की केनच्या कुत्र्याला 'गुड बॉय' म्हणायचं, 'डॉग' म्हटलेलं त्याला आवडत नाही.

फार मोठं काही बोलत नव्हतो. तिला शाळेत किती तारे मिळाले, टिफिनमधली कोणती वस्तू कुणाला दिली. मी सांगायचो, इथे माकडांनी पेरू खाल्ले, रोशनीने माकडांना हिंदीत शिव्या दिल्या. ती मराठी समजते सगळं, बोलताना तीन शब्दांनंतर इंग्रजीत उडी मारते. तरी या पाच महिन्यांत तिच्या मराठीत फरक पडलाय. तुझ्या लक्षात आला असेल. तू तो कशाने आला समजलीस कोण जाणे.

ती मला तुझ्याबद्दलही सांगायची. आई रडते, आई फोन हातात घेते आणि परत ठेवते. हे ऐकून मी काय करायला हवं होतं? म्हणायला हवं होतं, पनू, आईला बोलाव, मी माफी मागतो. मी तसं केलं नाही. मला भीती वाटली की तुला कळलं तर तू घंटी बंद करशील. मग मला या टेबलावर लोणच्याच्या बरणीसमोर बसून नुसतं जेवावं लागेल.

म्हणून मी पनूला म्हणालो, आईला सांगायचं नाही.

तिने करंगळी वर करून दाखवली. त्यांच्याकडे करंगळीत करंगळी अडकवून वचन देतात. माझी तिथे कुठून आणणार, तर तिने तिची करंगळी कॅमेऱ्याच्या डोळ्यावर दाबून धरली. माझ्या पडद्यावर सगळीकडे नुसता गुलाबी अंधार झाला. मीही माझी करंगळी काचेवर ठेवली. इथवर ठीक होतं. पण मला म्हाताऱ्याला चेव आला. म्हटलं, आपल्याकडे याहून पक्की पद्धत आहे. "म्हण, आजोबांच्या गळ्याची शपथ." तिने गळ्याला चिमूट लावून म्हटलं. तिने विचारलं, शपथ म्हणजे काय? मी सांगितलं, ज्याने शपथ घातली त्यानेच 'सुटली' म्हणायचं, तोवर ती सुटत नाही. मग तिने विचारलं, आणि कुणी मोडली तर?

समू, मी हसत हसत म्हणालो, "मोडली तर आजोबा मेले समज."

आम्ही लहानपणी दिवसातून दहा वेळा असं म्हणायचो, कुणीही मेलं नाही. पण ती हसली नाही. मान डोलवली आणि आत गेली. तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं की या पोरीला आजी जाऊन अजून वर्ष झालं नाही.

उद्या तिला 'सुटली' सांगून टाकतो. मग हे पत्र आणि आधीचं, दोन्ही एकदम टाकतो.

बाबा

*

जबलपूर
१३ ऑक्टोबर

समू,

दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं नाही. ती फार खूष होती, कुठल्याशा नाटकात तिला झाड केलं होतं आणि हात वर करून उभं राहायचं होतं. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे. मग त्याचा पुढचा. ज्या दिवशी सगळं फुटलं त्या दिवसापर्यंत असंच.

तुला जे माहीत आहे तेच लिहितोय, पण मी ते कुठून पाहिलं हे तुला माहीत नाही.

तिच्या वर्गात बाईंनी ऑनलाइन सुरक्षिततेचा तास घेतला. विचारलं, कुणी मोठ्या माणसाने कधी तुम्हाला सांगितलंय का, की हे आईबाबांना सांगायचं नाही? पनूने हात वर केला. ती गुणाची पोर आहे, विचारलं त्याचं उत्तर दिलं. कोण, कुठे, म्हटल्यावर म्हणाली, दारातला म्हातारा माणूस. नाव विचारलं तर तोंड मिटलं.

हे मला कसं कळलं? तुम्ही संध्याकाळी तिला दाराबाहेर आणलंत, शाळेने काय कळवलं ते तू डोरीनबाईंना सांगितलंस आणि सुमेधरावांनी गुडघ्यावर बसून तिला विचारलं, "पनू, कोणता म्हातारा? कुठे उभा होता? दाखव बरं." टॅब्लेट आपोआप वाजला होता. विसरलेला डबा न्यायला आलेली रोशनी मागे उभी होती. पनूने वर पाहिलं, थेट माझ्याकडे. तिच्या गळ्याशी तिची दोन बोटं होती, शपथेला लावतात तशी. ती एक शब्द बोलली नाही.

मी एक शब्द बोललो असतो तरी संपलं असतं. घंटीतून बोलायचं बटण माझ्या बोटापासून किती लांब होतं? रोशनी म्हणाली, "बाबूजी, बिटिया को काहे डाँट रहे हैं? आप कुछ बोलो ना!" मी तिला म्हटलं, तू घरी जा.

मग तुम्ही सगळ्यांनी केनकडे पाहिलं. डोरीनबाईंनीही. रोज समोर बसणारा म्हातारा, पोरीला कुत्र्याचा पट्टा देणारा. दुसऱ्या दिवशी डोरीनबाई पनूचा हात घट्ट धरून आल्या आणि केनच्या बाजूला मान वळवली नाही. तो कुत्र्याला घेऊन फाटकाशी उभा होता. "काय झालं, डोरीन?" म्हणाला. डोरीनबाई पनूला घेऊन तुमच्या दाराकडे चालत्या झाल्या. तो कुत्र्याला घेऊन आत गेला. त्यानंतर तो बाहेर बसलेला मला दिसला नाही.

काल शाळेने कळवलं म्हणून ती पोलीसबाई आली. सुमेधराव घंटीचे स्क्रू काढायला आले होते. ती तुला विचारत होती, ही घंटी आणखी कुणाच्या फोनवर चालते का? सुमेधराव म्हणाले, "समिधा, आईंच्या टॅब्लेटवर होती ना?" आणि तू म्हणालीस, "तो बंद आहे. बाबांनी पत्रात लिहिलंय. बाबा रागीट आहेत, हट्टी आहेत, पण खोटं बोलत नाहीत."

माझ्याबद्दल इतकं चांगलं तू गेल्या वर्षभरात बोलली नसशील. ते मला चोरून ऐकावं लागलं आणि तेही खरं नव्हतं.

मग पडद्यावर सुमेधरावांचा अंगठा आला, आकाश तिरपं झालं, तुमच्या छपराची कड दिसली आणि चित्र गेलं.

मी रात्रभर पडून होतो असं लिहिणार होतो, पण काय उपयोग. लिहिण्यापेक्षा अनुपमला बोलावतो.

बाबा

*

जबलपूर
१५ ऑक्टोबर

समिधा,

काल अनुपम आला. त्याला ही सगळी पत्रं वाचायला दिली. हेल्मेट हातात धरूनच त्याने वाचली. मला वाटलं, तो म्हणेल, काका, तुमचं वय झालं, चालायचंच. तसं काही म्हणाला नाही.

"काका, तिकडे एका माणसाची इज्जत जाऊन राहिली, आणि तुम्ही चिट्ठ्या लिहून राहिले? काहून? चला, लावतो फोन. बोला."

त्याने सुमेधरावांना लावला. मी बोललो. टॅब्लेट, घंटी, पनू, केन, सगळं. मध्ये कुठे थांबलो असेन तर अनुपमने माझ्या पाठीवर हात ठेवला. मग सुमेधरावांच्या मागून तुझा आवाज आला, "कोण आहे?" त्यांनी सांगितलं. तू फोन घेतलास. मला वाटलं, शिव्या देशील. तू नुसतं म्हणालीस, "बाबा, तुम्ही ते ऐकत होतात? मी पोलिसांना काय सांगितलं, ते?" मी हो म्हटलं. तू फोन ठेवलास.

रागावलीस ते बरोबरच आहे. मी मागे कधी केलेलं नाही ते आता करतोय, तुझ्या रागाची बाजू घेतोय.

आज दुपारी सुमेधरावांचा अनुपमला फोन आला. फार भला माणूस आहे, आम्हीच कधी त्याला नीट विचारलं नाही. ते काल संध्याकाळी केनकडे गेले होते. तुम्ही दोघंही. त्याने दार उघडायला वेळ लावला म्हणे, पण उघडलं. ते ऐकून मी देवापुढे दिवा लावला. तुझी आई गेल्यापासून रोशनीच लावते.

पण पनू अजून बोलत नाही. सुमेधराव म्हणाले, आम्ही तिला सांगितलं, आम्हाला कळलंय, आजोबा होते, तू काही चूक केली नाहीस. तर ती मान हलवते, आजोबा नव्हते म्हणते. जेवली नाही. सारखं विचारते, आजोबांना फोन करा, ते उठलेत का बघा. अनुपमला ते काही समजलं नाही. तुम्हालाही समजलं नाही.

मला समजलं. ती मला जिवंत ठेवून राहिली आहे.

तिला वाटतं, तुम्हाला कळलं म्हणजे शपथ मोडली. आणि मोडली तर मी मेलो. म्हणून 'नव्हते' म्हणते. सहा तारखेच्या पत्रात ते सगळं आहे, ते आधी वाच. मी जे हसत हसत बोललो ते ती इतके महिने गळ्याशी धरून शाळेत गेली, झाड झाली, पोलिसांसमोर उभी राहिली. आजी गेली तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी तिच्या हातात होतं, म्हणून ती हटली नाही.

मला तिच्याशी बोलू दे, असं मागणार नाही. तो हक्क मी घालवला. टॅब्लेट अनुपमला देऊन टाकला, आता खरोखर घरात नाही. शालींखाली पाहिलंस तर फक्त शाली आहेत.

तुझ्याकडे एकच मागतो. खाली पनूसाठी दोन शब्द लिहिले आहेत. तिला मराठी वाचता येत नाही, तेव्हा ते तुला तिला वाचून दाखवावे लागतील. माझी माफी तुझ्या तोंडून जाणार, ही शिक्षा तुला का, असं तू म्हणशील. मला दुसरा मार्ग दिसत नाही. अनुपम या पानाचा फोटो आत्ताच पाठवतोय, म्हणजे आज रात्री झोपण्याआधी तिला ऐकवता येईल. कागद स्पीड पोस्टाने येईल. सगळी जुनी पत्रं त्याच पाकिटात आहेत.

आणि ते तेराव्याचं वाक्य. तू आईला घंटीतून सांभाळलंस, खरं आहे. ती रोज संध्याकाळची वाट बघायची, दुखणं विसरायची. तुझ्याकडे जे होतं त्यातून तू सांभाळलंस. मी शेजारच्या खोलीत बसून वर्तमानपत्र वाचत होतो.

बाबा

—

पनूबाई,

मी आहे. आजोबा. उठलोय, दात घासलेत, रोशनीने केलेले पोहे खाल्लेत, मीठ कमी होतं.

आईला तू काही सांगितलं नाहीस. मी सांगितलं. म्हणजे शपथ तू मोडलेलीच नाही. शपथ मोडल्याने कुणी मरत नाही, ते मी उगीच बोललो. मोठी माणसं कधी कधी फार मूर्खासारखं बोलतात, आणि लहान माणसांना ते खरं वाटतं. चूक माझी. तुझी एवढीही नाही, करंगळीच्या नखाएवढीही नाही.

केनआजोबांच्या घरी जा. कुत्र्याला 'गुड बॉय' म्हण. केनआजोबांनाही म्हण, त्यांना आवडेल.

आता खाली बघ. या कागदावर निळा डाग दिसतो ना, तो डाग नाही. माझी करंगळी आहे, शाईत बुडवून लावली आहे. तुझी करंगळी त्याच्यावर ठेव. ठेवलीस?

सुटली.

आता तू पण म्हण, मोठ्याने, आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आणि तिने विचारलं, दारात कोण होतं, तर सांग.